उजवी एक, डावी दोन

“उजवी गं पापणी, गेलं पाखरू उडून,
डावी गं पापणी, दुजं निघालं मागून.
दोन पाखरं मोजा, एक नका म्हणू,
मागं राहिलेल्याला नका गं विसरू.”

आईचा आवाज. चाळीस-बेचाळीस वर्षं झाली त्याला, पण मोजणीताईच्या कानात तो अजून तसाच होता. जरासा घोगरा, आणि शेवटच्या शब्दाला हळूच खाली येणारा, कुणी पाय न वाजवता जिना उतरावा तसा. संध्याकाळी स्वयंपाक होईपर्यंत दोन्ही पोरांनी एका जागी बसावं म्हणून आईनं हा खेळ काढला होता. ताई आणि धाकटा समोरासमोर मांडी घालून बसायचे, नाकाला नाक लागेल इतके जवळ, आणि एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहायचे. ज्याच्या पापण्या कमी लवतील तो जिंकला. आई शेगडीपाशी बसून मोजायची, आणि मोजताना प्रत्येक डोळा वेगळा धरायची. उजवी एक, डावी दोन.

त्याला कारण होतं. धाकटा चार वर्षांचा असताना कुंपणाची तार त्याच्या डाव्या पापणीला लागली. तीन टाके पडले. डोळा वाचला, पण तेव्हापासून ती पापणी उजवीच्या मागून यायची. उजवी मिटून उघडायला लागली की मग डावी मिटायची, घंटा झाल्यावर वर्गात शिरणाऱ्या पोरीसारखी, मान खाली घालून. शेजारची मुलं त्याला ‘लेट डोळा’ म्हणून चिडवायची. म्हणून आईनं गाण्यात त्या मागच्या पाखराला जागा करून दिली होती. एखाद्या वेळी ती मोजायला चुकली, तर धाकटा ओठ काढायचा, “आई, माझी ही पण लवली की! ती मोज ना!” त्यानं तो हरायचा. हरलेलं चालायचं त्याला. मोजलं न गेलेलं चालायचं नाही.

मोजणं ताईच्या हाडीमासी खिळलं ते तेव्हापासून. मोठेपणी तिनं बंदरात बावीस वर्षं मालाची मोजणी केली. क्रेन जहाजातून पोती उतरवायची आणि ही धक्क्यावर उभी राहून वहीत रेघा ओढायची, चार उभ्या, पाचवी आडवी. एका खेपेत आठ पोती आली तर आठ, दोन आली तर दोन. “खेपा मोजू नकोस गं बाई, पोती मोज,” असं मुकादमानं तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पुढं सगळा माल लोखंडी पेट्यांतून यायला लागला, पेट्यांवरचे आकडे कॅमेरे वाचायला लागले, आणि मोजणीची माणसं इकडंतिकडं पांगली. हिला आरोग्य विभागात बसवलं. काम गेलं, नाव तेवढं राहिलं. शिपायापासून साहेबापर्यंत सगळे तिला मोजणीताईच म्हणत.

मग तिथं नवा डॉक्टर आला आणि त्या नावाला पुन्हा काम मिळालं.

डॉक्टर पस्तिशीचा, चालायला चटपटीत, बोलायला गोड. क्रेनवर बसणाऱ्या माणसाचा थकवा त्याच्या पापण्यांवरून ओळखता येतो, असं त्याचं म्हणणं. माणूस आपसूक, काही मनात न आणता, मिनिटाला किती वेळा डोळे मिटतो, ते मोजायचं. मात्र ज्याचं मोजायचं त्याला पत्ता लागता कामा नये. पत्ता लागला की माणूस पापण्या सांभाळायला लागतो, आणि सांभाळलेली पापणी ही नुसतं सोंग असते. म्हणून एक पांढऱ्या भिंतींची खोली, एक खुर्ची, समोर तळ्याचं एक मोठं चित्र, आणि चित्राच्या चौकटीत कॅमेरा. चालकाला एवढंच सांगायचं, की लक्षाची चाचणी आहे, पाच मिनिटं या चित्राकडं बघत बसा. बोलायचं नाही, कारण बोलताना पापण्या वाढतात. वाचायचं नाही, कारण वाचताना त्या कमी होतात. पंख्याचा वारा तोंडावर नको. पहिलं मिनिट सोडून द्यायचं, त्यात माणूस नुसता बूड सावरत असतो. उरलेल्या चार मिनिटांची सरासरी.

बहुतेकांचं यंत्रच मोजायचं. पण चष्म्याच्या काचेवर दिवा चमकला की यंत्र गोंधळायचं, आणि दोन्ही डोळे एकदम मिटले नाहीत की ते त्या मिटण्याला मिटणंच मानायचं नाही. अशा चित्रफिती ताईकडं यायच्या. पडद्यावर नुसती डोळ्यांची पट्टी, वर कपाळ कापलेलं, खाली नाक कापलेलं, कोपऱ्यात नंबर. नाव नाही, गाव नाही. ताई प्रत्येक पट्टी तीनदा बघायची. एकदा मुठीतल्या मोजणीच्या बटणानं, दाबलं की आकडा एकानं पुढं, टिक् टिक् टिक्. एकदा वहीत रेघा ओढून. एकदा फीत सावकाश फिरवून. तिन्ही आकडे जुळले तरच सही.

पहिल्याच दिवशी तिला एक शंका आली होती. कागदावरच्या रकान्याला मथळा होता, ‘लवलेल्या पापण्या, दर मिनिटाला’. डॉक्टरच्या परक्या भाषेतल्या कागदावरून ते लेखनिकानं उतरवलं होतं. ताई कागद घेऊन डॉक्टरच्या टेबलापाशी गेली.

“डॉक्टर, पापण्या म्हणजे दोन्ही डोळ्यांच्या धरायच्या ना?”

डॉक्टर फोनमध्ये बघत होता. “हो हो ताई, दोन्ही डोळ्यांच्या. अर्थात.”

ताईनं परत येऊन वहीच्या पहिल्या पानावर तारीख घातली आणि खाली लिहिलं, ‘दोन्ही डोळे. विचारलं. हो म्हणाले.’ बावीस वर्षांची सवय. सांगणारा विसरतो, वही विसरत नाही.

अकरा पट्ट्या आल्या तिच्याकडं. एकविसाव्या नंबरची पट्टी पडद्यावर लागली आणि ताईचा अंगठा बटणावरच थांबला. उजवी पापणी मिटली, उघडायला लागली, आणि मागून डावी आली. मान खाली घालून. तिच्यावर तीन टाक्यांची बारीक पांढरी रेघ.

धाकटा. पंधरा वर्षं मोठ्या क्रेनवर बसणारा, तिचा पाठचा भाऊ.

नियम असा, की ओळखीचं माणूस निघालं तर फीत बाजूला ठेवायची आणि डॉक्टरला कळवायचं. ताईनं नियम मनातल्या मनात दोनदा वाचला. पण बाजूला ठेवली तर ती पुन्हा यंत्रापुढं जाणार, आणि यंत्र त्याला धरतच नव्हतं. आपल्याशिवाय या डाव्या पापणीला मोजणार कोण? तिनं दार लोटून घेतलं आणि मोजलं. चौतीस. पुन्हा चौतीस. सावकाश फिरवली तरी चौतीस. एकही मागची पापणी तिनं सुटू दिली नाही. सही करताना तिला बरं वाटलं, एखाद्याच्या ताटात आपल्या हातानं वाढावं तसं.

कुठल्या आकड्याला माणूस उतरवायचा, हे मोजणाऱ्याला सांगत नसत. फलकावर नुसती नावांची यादी लागली, आणि आकडा कळला तो फक्त विभागातल्यांना, ताईलाही तेव्हाच. मिनिटाला तीसच्या वर गेले ते थकलेले. नऊ माणसं. समितीचा निर्णय होईपर्यंत क्रेनवर चढायचं नाही. आठ चष्मेवाले, आणि धाकटा.

कुणाच्या हातात झाडू आला, कुणाच्या हातात तेलाचा डबा. धाकट्याला दोरखंडांच्या खोलीत बसवलं, साखळ्या निवडायला. पन्नास मीटर उंचीवरून सुई ओवावी तशी पेटी उतरवणारा माणूस खाली मान घालून गंजलेल्या कड्या वेगळ्या करू लागला.

ताई भावाच्याच इमारतीत राहायची, वरच्या मजल्यावर एका खोलीत. त्या संध्याकाळी ती खाली आली, तर दार उघडताच भावजयीनं तोफ डागली.

“या वन्सं, या! तुमच्या हापिसाची कृपा झाली आमच्यावर!”

एरवी ती ‘ताई’ म्हणायची. ‘वन्सं’ निघालं म्हणजे पारा चढलेला.

“अगं, आत तरी येऊ दे.”

“आत या, बसा, पाणी प्या, आणि मला सांगा, चित्र बघायला किती अक्कल लागते? पाच मिनिटं चित्राकडं बघा म्हणाले, ह्यांनी बघितलं. आता विचारा त्यांना काय बघितलं! अहो, सांगा ना! गप्प काय बसलात, बहीणच आहे!”

धाकटा खुर्चीत बसला होता. दोन्ही तळवे गुडघ्यांवर, शाळेत उभं केल्यासारखा. “तळं होतं,” तो म्हणाला. “तीन होड्या. एक निळी, दोन तांबड्या. आणि उजवीकडं काठाशी चौथी, पण ती अर्धीच. चौकटीत कापली गेलेली.”

“ऐकलंत?” भावजय म्हणाली. “अर्धी होडीसुद्धा सोडली नाही माणसानं! ह्यांच्या शेजारच्या क्रेनवरचा तो बागवान, चष्मेवाला, तो तीनच म्हणतो. मग त्याला नापास करा, मला काही म्हणायचं नाही. पण ह्यांना का?”

“त्यांनी विचारलंच नाही गं होड्यांचं,” धाकटा म्हणाला. “विचारलं असतं तर सांगितलं असतं. अक्का, तू तिथंच असतेस. त्यांना नेमकं काय हवं होतं?”

मोजलं काय जातं ते बाहेर बोलणार नाही, असा कागद ताईनं लिहून दिला होता. “मला... आकडे तेवढे माहीत असतात रे,” ती म्हणाली.

“आकडेच बघा तुम्ही,” भावजय म्हणाली. “इथं माणूस जेवत नाही.”

दुसऱ्या आठवड्यात यंत्र दुरुस्त करायला कारागीर आला. त्यानं चमक टाळणारी नवी काच बसवली, आणि चालतंय का बघायला चष्मेवाल्यांच्या जुन्याच फिती यंत्राला खाऊ घातल्या. ताई शेजारी उभी होती. सातवा नंबर, सोळा. ताईच्या वहीत बत्तीस. बारावा नंबर, एकोणीस. ताईच्या वहीत अडतीस. चौदावा नंबर, अठरा आणि छत्तीस. पहिल्यांदा तिला हसू आलं. मग तिनं यंत्राचे आकडेही वहीत टिपून घेतले.

ती वही घेऊन तडक डॉक्टरपुढं गेली.

“डॉक्टर, यंत्र माझ्या निम्मं दाखवतंय.”

“म्हणजे यंत्र अजून बिघडलेलंच आहे.”

“सगळ्यांचं बरोब्बर निम्मं? इतकं नेमकं कोण बिघडतं?”

डॉक्टरनं फोन खाली ठेवला. वही बघितली, ताईकडं बघितलं, पुन्हा वही बघितली. “ताई, तुम्ही दोन्ही डोळे वेगवेगळे मोजलेत?”

“तुम्ही हो म्हणालात.”

“अहो, डोळे एकदम मिटतात! एकदा मिटले की एक! कुणीही माणूस तसंच धरेल!”

“तुमच्या कागदावर पापण्या लिहिलंय. माणसाला पापण्या किती असतात, डॉक्टर? मी विचारायला आले होते. ह्याच टेबलापाशी. तुम्ही मान वर केली असतीत, तर मी बोटानं दाखवलं असतं, ही एक, ही दोन.”

“मला वाटलं तुम्ही विचारताय, एकाच डोळ्याकडं बघू की दोन्हीकडं...” तो थांबला. टेबलावर एक चकचकीत पुस्तिका होती. ‘चष्मा वापरणाऱ्या चालकांमधील सुप्त थकवा’. आत रंगीत खांब काढलेले, चष्मेवाल्यांचा खांब सगळ्यांत उंच. मोठ्या सभेत ती वाचली गेली होती, टाळ्या पडल्या होत्या.

ताईनं पुस्तिकेवर बोट ठेवलं. “नऊपैकी आठ चष्मेवाले. तुम्हाला एकदाही वाटलं नाही, की चष्मेवालेच कसे सापडले?”

“वाटलं ना. म्हणून तर निष्कर्ष काढला.”

ताईच्या अंगातून जाळ निघाला नुसता. माणसाच्या चुकीला खांब काढले, खांबाला रंग दिला, आणि रंगाला टाळ्या! आणि तिकडं आठ म्हातारे झाडू मारतायत, चष्मा पुसून पुसून, की आपलंच काहीतरी चुकलं.

डॉक्टरनं आवाज मऊ केला. “हे बघा ताई. सही तुमची आहे. बोभाटा झाला तर आधी तुम्हीच अडकाल. समिती तीन आठवड्यांनी आहे. त्याच्या आत मी आकडे गुपचूप नीट करून देतो. तुम्ही फक्त कुठं बोलू नका. शब्द देतो.”

आणि ताईनं, जिनं आयुष्यभर एक पोतं इकडचं तिकडं होऊ दिलं नाही, तिनं त्या शब्दावर विश्वास ठेवला. खरं सांगायचं तर तिला तो ठेवायचाच होता. सहीला ती भ्यायली होती. आणि त्या सहीखाली आणखी एक गोष्ट होती, एकविसावा नंबर कुणाचा आहे ती, आणि ती तर तिनं डॉक्टरलाही सांगितली नव्हती.

ते तीन आठवडे तिनं कसे काढले, तिचं तिला ठाऊक. सोमवारी विचारलं, तर “करतोय.” गुरुवारी विचारलं, तर “झालंच समजा.” पुढच्या सोमवारी डॉक्टर जिन्यात दिसला तो फोन कानाला लावूनच, आणि फोनचा पडदा तर काळा होता.

आणि घरी? घरी धाकटा अभ्यास करत होता. पुन्हा चाचणी घेतली तर तयारी हवी म्हणून त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरचं चित्र समोर घेतलं होतं, डोंगर आणि मेंढरं. पाच मिनिटं बघायचं, मग भावजय ते पान उलटं धरायची आणि परीक्षा घ्यायची.

“मेंढरं किती?”

“चौदा.”

“काळं कुठलं?”

“डावीकडून सहावं. त्याच्या मागं एक अर्धं.”

“बरोबर! बघितलंत ताई, बरोबर!” भावजयीनं पान सरळ केलं आणि एकाएकी तिचा आवाज फाटला. “पंचेचाळीस वर्षांचा बाप्या मेंढरं मोजतोय हो घरात बसून. कुणी करायला लावलं हे? त्याला एकदा माझ्यापुढं उभा करा.”

ताई पुढ्यातच उभी होती. धाकटा चित्राकडं बघत होता, एकटक, पापणी लवू न देता, आणि तरी त्या लवत होत्या. उजवी. मग डावी. ताईचा अंगठा रिकाम्या मुठीत आपोआप दाबला गेला, आणि तिला स्वतःची किळस आली.

समितीची बैठक वरच्या मजल्यावरच्या लांब खोलीत भरली. सकाळचे अकरा. टेबलाच्या टोकाला बंदराच्या मुख्य इंजिनियरबाई, करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. दोन्ही बाजूंना साहेब लोक. भिंतीलगत बाकावर ते नऊ जण, धुतलेल्या कपड्यांत, चष्मे लखलखीत पुसलेले. शेवटाला धाकटा. ताईला वह्या घेऊन डॉक्टरच्या मागच्या खुर्चीत बसवलं होतं, काही लागलं तर असावी म्हणून.

यादीची प्रत तिच्याही हातात आली. तिनं घाईनं आकडे बघितले. बत्तीस. अडतीस. छत्तीस. एकविसावा नंबर, चौतीस. एक आकडा बदललेला नव्हता.

डॉक्टर उभा राहिला. “आपल्यापुढं आलेली माहिती अतिशय बोलकी आहे,” त्यानं सुरुवात केली. चष्मा, वय, सुप्त थकवा. रंगीत खांब भिंतीवर चढले. ताईनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. सेकंदकाटा बारावर आला. तिचा हात पदराखाली गेला, मुठीत बटण होतं. टिक्. टिक्. टिक्. समोरच्या कपाटाच्या काचेत डॉक्टरचे डोळे स्वच्छ दिसत होते.

“म्हणून या नऊ जणांना क्रेनवरून कायमचं कमी करावं,” डॉक्टर म्हणाला आणि बसला.

“तुम्हाला कुणाला काही बोलायचंय?” इंजिनियरबाईंनी बाकाकडं बघून विचारलं.

बागवान उठला. काम क्रेनचं, पण घरी गुलाब लावायचा म्हणून हे नाव पडलेलं. “बाई, आम्हाला एवढंच कळू द्या, आमचं काय चुकलं? मी तीन होड्या बघितल्या. हा म्हणतो साडेतीन. तरी दोघंही बाहेर. मग खऱ्या होड्या होत्या तरी किती?”

टेबलाशी कुणीतरी खुदकन हसलं. एकाला लागलं, मग दुसऱ्याला. साहेब लोकांना ठाऊक होतं ना, की होड्यांचा काही संबंधच नाही. डॉक्टरही हसला, खाली मान घालून, समजूतदारपणे.

धाकटा उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. “चौथी अर्धीच आहे, साहेब,” तो म्हणाला. “उजव्या काठाला. हवं तर खाली जाऊन बघा. मी खोटं बोलत नाही.”

पुन्हा हसू.

ते हसू ताईच्या कानात शिरलं, आणि आत कुठंतरी आईचा आवाज होता त्याला जाऊन लागलं. ती उठली. खुर्ची मागं सरकली ती मोठ्यानं.

“हसू नका,” ती म्हणाली.

“ताई, बसा,” डॉक्टर म्हणाला.

“बसणार नाही. बाई, मी मोजणी करते. डॉक्टर आत्ता बोलत होते, त्यातलं एक मिनिट मी घड्याळ लावून मोजलं.” तिनं मूठ उघडून बटण टेबलावर ठेवलं. “ह्यांचे डोळे एकतीसदा मिटले. आणि ह्या चालकांचे जसे मोजले तसे मोजायचे तर ते होतात बासष्ट. तीसला माणूस क्रेनवरून उतरतो, तर बासष्टला कुठून उतरवायचा ते समितीनं सांगावं.”

“बोलताना वाढतातच ते!” डॉक्टर ओरडला. “हे शास्त्राला धरून नाही!”

“नाहीच आहे! मग ‘जसे मोजले तसे’ म्हणजे काय, तेही सांगा की शास्त्राला धरून! तुम्हीच सांगा, मी वाट बघते. तीन आठवडे बघितली, आणखी दोन मिनिटं बघते.”

डॉक्टर समोरचे कागद सारखे करू लागला. खोलीत आता कुणी हसत नव्हतं. इंजिनियरबाई पुढं झुकल्या. “दुप्पट कसे होतात, ताई?”

“पापण्या लिहा म्हणाले, मी पापण्या लिहिल्या. दोन डोळे, दोन पापण्या. एकदा मिटलं की दोन. त्यांना मिटणं हवं होतं. विचारलं होतं मी, ही वही, ही तारीख. पण त्यांची चूक सांगून माझी झाकायची नाही मला. खेपेत पोती किती ते मी मोजलं, आणि इथं खेपा मोजायच्या होत्या. हे सगळे निम्मे करा. अकराच्या अकरा. एकही तीसच्या वर नाही. कुणी थकलेलं नाही इथं. थकलेच असले तर हे झाडू मारून थकले असतील.”

बागवानानं चष्मा काढला. कुणीतरी “अरे देवा” म्हणालं, हळूच.

इंजिनियरबाईंनी वही ओढून घेतली, पहिलं पान वाचलं, मग पानं उलटत यंत्राचे आकडे टिपलेल्या पानापाशी थांबल्या. “हे सगळं तुम्हाला कधी कळलं?”

ताईनं तोंड उघडलं. उत्तर बाईंना द्यायचं होतं, पण तिचे डोळे बाकाच्या शेवटाला गेले. धाकटा अजून उभाच होता, तिच्याकडं बघत, जसा लहानपणी मांडी घालून बघायचा. उजवी लवली. मागून डावी.

“होड्यांचं काही नव्हतं रे,” ती त्याला म्हणाली. “ते चित्र नुसतं टांगलेलं होतं. डोळे मोजत होते तुमचे. एकविसावा नंबर तू. दिसताच ओळखलं मी तुला, आणि कुणाला सांगितलं नाही. तुझ्या पापण्या मी मोजल्या, तीनदा, डावी एकदाही सोडली नाही, आणि त्यानंच तू खाली आलास. आणि चुकलंय हे कळून मला तीन आठवडे झालेत, धाकट्या. तू मेंढरं मोजत होतास ना, तेव्हा मला ठाऊक होतं.”